कालिंदी नावाचं इथं कोणी नाही

मसोली, डहाणू
रविवार, २४ फेब्रुवारी २०१९

प्रिय कीर्ती,

"बाई, ओळखलंत का?" असं विचारून तू सोबत स्वतःचा फोटो जोडलास, त्याची काही गरज नव्हती. केस कापलेस, चष्मा लागला, तरी मान तशीच एका बाजूला कललेली आहे. शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणून तू कायम तशी बसायचीस आणि मी म्हणायचे, पुढे ये गं, मी काही खात नाही. तू आली नाहीसच कधी. दहावीची परीक्षा देऊन तू शाळेतून गेलीस त्याला आता तीन वर्षं होतील. तेवढ्यात तुझे बाबा डहाणू स्टेशनातून बदलून गेले, तुमच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं, आणि मी निवृत्त होऊन चिकूच्या झाडांची राखण करू लागले. तुझ्या चार ओळींच्या मेसेजला मी एवढं लांबलचक पत्र लिहितेय याचं एक कारण म्हणजे फोनवर टाइप करायला माझी बोटं जाड पडतात. दुसरं कारण सावकाश सांगते.

सध्या आम्ही अंगणातच राहतो म्हटलं तरी चालेल. नोव्हेंबरपासून इकडे भूकंपाचे धक्के बसतायत, ते तू बातम्यांत वाचलं असशील. तलासरीकडे जास्त, आमच्याकडे थोडे कमी, पण कौलं खुळखुळली की हातातलं टाकून उठावंच लागतं. आमच्या यांनी, म्हणजे तुमच्या दशरथकाकांनी, स्टीलच्या ग्लासावर ग्लास पालथा ठेवून घरगुती भूकंपमापक यंत्र तयार केलंय. दिवसातून दोनदा ते पडतं, आम्ही दोघं धावत बाहेर येतो, आणि मागून मांजर शांतपणे येतं. त्यानंच पाडलेलं असतं. शेवटी मी टेबल-खुर्ची चिकूखाली आणून टाकली आणि तिथेच बसून हे लिहितेय.

तुमच्या नाशिकच्या कॉलेजातली एनएसएसची मुलं हायस्कुलांत जाणार आहेत आणि नववी-दहावीच्या मुलांना जमतील अशी सेवेची कामं सुचवायची आहेत, तर बाई, तुमचा अनुभव मोठा, तुम्ही यादी द्या, असं तू लिहिलंस. अनुभव मोठा आहे खरा. सतरा वर्षं मी शाळेचं शनिवारचं सेवापथक चालवलं. त्या सतरा वर्षांत लोकांनी आमची जितकी सेवा सहन केली, तितकी आम्ही त्यांची केली का, याचा हिशोब आता रिकाम्या वेळात मांडत असते.

यादीत सगळ्यांना पहिलं सुचतं ते साफसफाई. करू नका असं नाही, पण झाडू हातात घेण्याआधी तिथं राहणाऱ्या माणसाला विचारा. आपण चिंचणीला गेलो होतो ते आठवतं ना? पस्तीस मुलं, पस्तीस नवे खराटे, आणि फोटोसाठी हेडसरांनी सगळ्यांना किनाऱ्यावर ओळीत उभं केलेलं. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्याच्या बरोबर वाऱ्याच्या बाजूला आपण झाडायला सुरुवात केली. सगळी वाळू बोंबलांवर. तिथल्या मावशी कमरेवर हात ठेवून जे बोलल्या त्यातलं निम्मं मला लिहिता येणार नाही. उरलेलं निम्मं असं, "बाई, पोरांना शिकवता का नुसतं फिरवता?" मग त्यांनीच खराटे काढून घेतले आणि दुपारपर्यंत आपल्याकडून बोंबील उलटवून घेतले. तुझ्या वर्गातल्या शैलेशच्या हाताचा वास चार दिवस गेला नाही, तेव्हा त्याच्या आईनं मला चिठ्ठी पाठवली होती. पण त्या दिवशी आपण खरं काम केलं, कारण ते त्यांनी सांगितलेलं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी तो प्रसंग नुसता गंमत म्हणून सांगत राहिले.

जुने कपडे गोळा करणार असाल तर एकच नियम ठेवा. जो कपडा आपल्या धाकट्या भावंडाला घालणार नाही, तो पेटीत टाकायचा नाही. आणि दिला तर धुऊन, बटणं लावून, घडी घालून द्यायचा. आपल्या पेटीतून एकदा एकाच बाहीची शेरवानी निघाली होती, आठवतंय? दुसरं, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीजवळ सकाळी दोन मुलं उभी करता आली तर बघा. लांबून आलेल्या माणसाला कुठल्या खोलीत जायचं, रक्त कुठं तपासतात, एवढं त्याच्या बोलीत सांगणारं कोणी भेटलं तरी त्याची एक खेप वाचते. या कामाला पाड्यावरची मुलं पुढे हवीत. आम्ही कायम गावातल्या मुलांनी पाड्यावर जाऊन काहीतरी द्यायचं, असंच समजत आलो. ज्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं ती मुलं आमच्याच वर्गात बसली होती आणि आम्ही त्यांना सतरंज्या उचलायला सांगत होतो.

बंधारा मात्र यादीत नक्की घाल. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर घालायचा, तो. आपला बंधारा झाला वेवजीच्या पुढे सावरपाड्यावर, २०१४ च्या नोव्हेंबरात. तू नववीत होतीस. मी कोसबाडच्या प्रशिक्षणातून नकाशा काढून आणला होता आणि तो छातीशी धरून काठावर उभी होते. पाड्यावरच्या हाल्यादादांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. ते ओढ्यात उतरले, पायानं तळ चाचपत पंधरा पावलं खाली गेले आणि म्हणाले, "अठं." तिथंच घातला, आणि पाणी मार्चपर्यंत टिकलं. त्यांची बायको काळीबाई सगळ्यांसाठी कोरा चहा घेऊन आली होती. पोती बांधून तुझ्या तळहाताला फोड आले होते, तर तिनं कसलासा पाला चुरगाळून तुझ्या हातावर धरला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तिला मराठी बोलताना लाज वाटायची आणि तुला तिची बोली कळायची नाही, तरी तुमचं दोघींचं काहीतरी चाललं होतं, कारण तुम्ही हसत होतात. हाल्यादादा २०१७ च्या दिवाळीआधी गेले. तापाचं निमित्त झालं. तुला कोणी कळवलं नसेल, म्हणून लिहिते.

यानंतरचं काम म्हणजे अर्ज भरून देणं. हे वाक्य लिहून मी उठले, झाडांना पाणी घातलं, यांना चहा दिला, आणि परत येऊन बसले. हे काम वगळून यादी पुरी करता आली असती. पण तू मला बरोबर ओळखशील.

डिसेंबरात सावरपाड्याच्या शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं. मशीनवरचा माणूस कागदावर दिसेल ते टाइप करत होता, आणि तो कागद भरून द्यायला आपलं पथक. सकाळपासून रांग. तुझं अक्षर सगळ्यांत चांगलं म्हणून बायकांची रांग तुझ्याकडे दिली होती. संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा पथकात सगळे खूश होते, कारण पाच बायकांची नावं बदलली गेली होती. भिकीबाईचं भाग्यश्री झालं होतं, सुकीबाईचं सुकन्या, आणखी दोघींचं असंच काहीतरी, आणि काळीबाईचं कालिंदी. लाडकीबाई तेवढी वाचली, कारण लाडकी हे नाव सगळ्यांना गोड वाटलं. बायकांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आपल्याला वाटलं, आवडलं त्यांना. गाडीत शैलेश म्हणाला होता, आज आपण बारसं करून आलो. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले होते.

पुढच्या ऑगस्टमध्ये भिकीबाई बँकेत खातं उघडायला गेली आणि परत पाठवली गेली. रेशनकार्डावर एक बाई, आधारवर दुसरीच. तिथले सरपंच पाचही बायकांचे कागद पिशवीत घालून शाळेत आले आणि ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या बायांना न इचारता त्यांची नावं बदलणारी तुमी कोन?" हेडसरांनी लगेच फाइल मागवली. त्यांच्याकडे उत्तर नसलं की ते माणूस शोधत. अर्जांच्या प्रतींवर खाली 'अर्ज भरणार' म्हणून तुझी सही होती, कीर्ती, नववी ब. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तुला पुढं बोलावलं. तू दहावीत, दोन वेण्या, हातात कंपासपेटी, ती ठेवायचंही तुला सुचलं नव्हतं. "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" हेडसरांनी विचारलं. तू म्हणालीस, "मीच, सर." मग तुझ्याकडून माफीचं पत्र लिहून घेतलं, सेवापथकाचं प्रमाणपत्र रद्द झालं, आणि पाचशे मुलांसमोर तुला सांगण्यात आलं की गरिबांची थट्टा करणारी मुलं या शाळेला नकोत. तू थट्टा करणारी! तुला रडूसुद्धा आलं नाही. मी शिक्षकांच्या मागच्या रांगेत उभी होते. त्यानंतर तू पथकात आली नाहीस, आणि वर्गातही मान वर करून माझ्याकडे बघितलं नाहीस. मला त्याचं बरंच वाटलं, हे आज लिहून टाकते.

हेडसरांनी गाडी करून त्या बायकांना तलासरीला नेलं आणि नावं परत होती तशी करून आणली. फक्त काळीबाई त्या दिवशी उंबरगावला मजुरीवर गेली होती. मागाहून बघू म्हणाले सगळे. मागाहून कोणी बघितलं नाही. मीही नाही. तिचं काही अडलं नाही, किंवा अडलं तरी ती कोणाकडे सांगायला गेली नाही, आणि आम्ही ते प्रकरण मिटलं असं समजलो.

या महिन्याच्या सुरुवातीला जो मोठा धक्का बसला, त्यात काळीबाईच्या घराची मागची भिंत बसली. तेव्हापासून त्या मायलेकी अंगणात ताडपत्रीखाली राहतायत. हाल्यादादा असते तर त्यांनी चार दिवसांत भिंत उभी केली असती. आता घरात करणारं कोणी नाही. पडलेल्या घरांचा पंचनामा करायला माणसं आली, त्यांच्या हातातल्या, आधारवरून केलेल्या यादीत नाव होतं कालिंदी हाल्या. त्यांनी नाव पुकारलं. काळीबाई समोरच उभी होती, मातीतून पातेली उकरत. ती म्हणाली, "कालिंदी नावाचा अठं कोन नाय." साधं विचारलं, तिनं साधं उत्तर दिलं. त्यांनीही तसंच लिहून घेतलं, यादीतील व्यक्ती आढळली नाही, आणि पुढच्या घराकडे गेले.

तिची मुलगी संगिता शाळेतून आली तेव्हा तिला हे कळलं. तुला ती आठवत असेल तर फ्रॉकमधली सातवीतली आठवेल. आता ती अकरावीत आहे, तलासरीला. तिनं सगळे कागद गोळा केले, पाड्यावर चौकशी केली की हे नाव कोणी लावलं होतं, आणि दोन एसट्या बदलून माझ्या दारात आली. मला वाटलं भांडायला आली. तिनं पाणीसुद्धा मागून घेतलं, शांतपणे प्यायली, आणि म्हणाली, "बाई, पाच मार्चला यादी वर जानार. त्याच्या आधी माझी आई कालिंदी आहे का काळी, ते कोनीतरी लिहून दिलं पायजे. नायतर पावसात आमी ताडपत्रीखालीच."

मी तिच्याबरोबर सावरपाड्यावर गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. तुझा बंधारा, म्हणजे आपला, कधीच वाहून गेलाय. दरवर्षी नव्यानं घालायचा असतो हे आम्ही पुढच्या वर्षी विसरलो होतो, पण पाड्यावरच्यांनी मात्र तिथंच, त्याच पंधरा पावलांवर, यंदाही पोती टाकली आहेत. काळीबाईनं मला ओळखलं, लगबगीनं चूल पेटवली. मी म्हटलं, काळीबाई, तेव्हा तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत, की हे नाव माझं नाही म्हणून? ती हसली. म्हणाली, "मना वाटला, गाडीला नंबर असतो तसा तो कार्डाचा नाव." म्हणजे नंबर गाडीला, कालिंदी कार्डाला, आणि ती स्वतः आपली काळीच. मग तिनं मला तिच्या नावाची गोष्ट सांगितली. तिच्या जन्माच्या वेळी भगतानं तांदळाचे दाणे मांडून पाहिलं होतं, आणि घरातलं कोण परत आलंय ते सांगितलं होतं. तिची आजी आली होती, दोनच महिन्यांपूर्वी गेलेली. आजीचं नाव काळी. "तो माजे आजीचा नाव आहे, बाय. मी तो सोडला त आजीला घराभायेर घातल्यासारखा." भिकीबाईच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून तिला जन्मल्यावर सुपात घालून शेजारणीच्या ओट्यावर ठेवलं, आणि आईनं पदर पसरून ती भीक म्हणून परत मागून आणली. सुकीबाई शुक्रवारची. एकेका नावात त्या बायकांना जगवण्याची केवढी खटपट होती, आणि ती एका सकाळीत, एका बॉलपेननं, खोडली गेली.

कीर्ती, वर मी 'बदलली गेली' आणि 'खोडली गेली' असं लिहिलंय. आत्ता वाचून पाहिलं तेव्हा दिसलं. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला स्वतःला वाक्यातून कसं गाळायचं ते चांगलं येतं.

कालिंदी हे नाव नववीतल्या, स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीला सुचेल कुठून, एवढं तरी हेडसरांनी तेव्हा विचारायला हवं होतं. तुझ्या वर्गात दोन स्नेहल आणि तीन पूजा होत्या, कालिंदी आख्ख्या शाळेत नव्हती. ते नाव माझं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी ते ठरवून ठेवलं होतं, मुलगी झाली तर म्हणून. मुलगी झाली नाही. मुलगाही नाही. नाव तसंच राहिलं, पेटीत ठेवलेल्या कोऱ्या साडीसारखं. यांनाही ते आठवत नसेल. त्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर चहा पीत बसले होते, आणि तू अर्ज घेऊन माझ्याकडे आलीस. "बाई, यांचं नाव काळी आहे. असंच लिहू?" मी म्हटलं, असलं काय नाव! जन्मभर कागदावर राहणार, जरा बरं लिही. तू विचारलंस, म्हणजे काय लिहू? आणि मी म्हटलं, कालिंदी लिही. अर्थ तोच आहे, पण ऐकायला किती छान. तू तिथंच उभी राहिलीस. मान तशीच एका बाजूला. आणि म्हणालीस, "त्यांना विचारून येऊ का?" मला हसू आलं. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, आपण चांगलंच करतोय ना! मग बाकीची चार नावंही मीच सुचवली. एकदा हात मोकळा झाल्यावर मला कोण थांबवणार.

चौदा वर्षांच्या मुलीला जे कळलं ते मला कळलं नाही. आणि प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी विचारलं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं, तेव्हा तू आधी माझ्याकडे बघितलंस. वर हे लिहायचं मी टाळलं. तू वाट बघितलीस, कीर्ती. मी एक पाऊल पुढं येईन म्हणून. पर्यवेक्षिकेची जागा रिकामी व्हायची होती आणि ती मला मिळायची होती, दोन वर्षांत निवृत्ती होती, सरपंच रागावलेले होते. अशी तीन कारणं मी त्या एवढ्याशा वेळात मनात मांडली. तेवढ्यात तू 'मीच' म्हणालीस आणि मला सोडवलंस. ती खुर्ची मला मिळाली. त्या खुर्चीवर मी दीड वर्ष बसले, आणि तिथून तुझा वर्ग समोर दिसायचा. मला तुझ्यासमोर स्वतःची शरम वाटत होती. तुला भेटून हे सांगायला हवं होतं, तुझ्या आईच्या समोर सांगायला हवं होतं, आणि मी नुसती तुझ्या वह्यांवर लाल शाईनं 'सुंदर अक्षर' लिहीत राहिले.

आता तुला वाटेल, एवढं जुनं बाई आज का उकरतायत. संगिता येऊन गेल्यावर मीच शैलेशकडून तुझा नंबर मागून घेतला होता. चार दिवस तो कागद हातात घेऊन बसले, फोन लावला नाही. शैलेश तुला काहीतरी बोलला असणार, कारण पाचव्या दिवशी तुझाच मेसेज आला, यादी पाहिजे म्हणून. यादी हवी होती, का बाई काय म्हणतात ते बघायचं होतं, ते तुझं तुला ठाऊक. फोनवर मी हे बोलले असते तर तू "जाऊ द्या ना बाई" म्हणाली असतीस, आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. म्हणून पत्र. परवा गुरुवारी मी काळीबाई आणि संगिताबरोबर तलासरीच्या तहसील कचेरीत गेले. साहेब तरुण आहेत, समजूतदार. म्हणाले, "एखादं अक्षर चुकलं असतं तर इथंच दुरुस्त केलं असतं. हे आख्खं दुसरं नाव आहे. काळीची कालिंदी कशी झाली ते सांगणारं माणूस लागेल." मी सांगितलं, मी केली. माझा जबाब त्यांनी लिहून घेतला, मी सही केली, आणि त्याची एक प्रत हेडसरांना आणि एक शाळेच्या नोटीस बोर्डासाठी दिली आहे. पण अर्जाच्या प्रतीवर सही तुझी आहे, आणि तुझ्या माफीच्या पत्रात तू 'हे मी माझ्या मनानं केलं' असं लिहिलेलं शाळेच्या फायलीत आहे. दोन कागद, दोन गोष्टी. म्हणून येत्या शुक्रवारी साहेब तुला फोन करून विचारणार आहेत, आणि दोघींचं जुळलं तरच पाच तारखेच्या यादीत काळीबाईचं नाव जाणार आहे. मी तुला ओळखते. त्यांनी विचारलं की तुला पहिल्यांदा म्हातारी बाई आठवेल, तिची अब्रू आठवेल, आणि जुनी सवय तोंडात येईल. तू नाशिकहून मला जितकी सांभाळशील, तितका त्या दोघींचा पावसाळा ताडपत्रीखाली जाईल. तेव्हा शुक्रवारी फोन आला, आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं, तर या वेळी 'मीच' म्हणू नकोस. एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं.

तुझीच, मागच्या रांगेतून उशिरा पुढं आलेली,
वासंतीबाई